मुलांचे ‘स्मार्ट’ ब्रश आणि ब्रशिंगची ॲप: पुण्यातल्या घरांनी काय घ्यावं, काय सोडावं

मुलांनी दात नीट घासावेत म्हणून बाजारात जे काही ‘स्मार्ट’ या नावाने मिळतं, ते सगळं एक गोष्ट चांगली मोजतं: वेळ. दात खरोखर स्वच्छ झाले का, हे त्यातलं जवळजवळ काहीच मोजत नाही. ही मर्यादा माहीत असेल तर यातली काही साधनं फार उपयोगाची आहेत. माहीत नसेल तर मूल रोज रात्री ॲपवर पूर्ण गुण मिळवतं आणि दाढेतली कीड मात्र वाढत राहते.

इथे चार प्रकारची साधनं तपासली आहेत: फोनच्या कॅमेऱ्यावर चालणारं खेळाचं ॲप, ब्लूटूथने फोनला जोडला जाणारा मुलांचा ब्रश, ॲपशिवायचा साधा सेलवरचा किंवा चार्जिंगचा ब्रश, आणि घरातला बोलका स्पीकर. पाचवी वस्तू यंत्र नाही, घासायचं कुठे राहिलं ते दाखवणारं दंतवैद्यांकडचं रंगाचं द्रावण आहे. पण तिच्याशिवाय बाकीच्या चारांचा हिशेब लागत नाही. प्रत्येक साधनाला कसोटी एकच लावली आहे: रात्री मूल बेसिनपाशी असताना ते आई-बाबांना तिथे आणतं, की तिथून सुटका देतं? सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या मनगटाला सगळ्या दातांवर ब्रश वळवण्याचं कसब आलेलं नसतं. तोवर शेवटचा हात मोठ्या माणसानेच फिरवायचा असतो. ज्या साधनामुळे मोठं माणूस न्हाणीघरातून बाहेर जातं, ते कितीही देखणं असलं तरी नुकसानीचंच.

आधी दोन मिनिटांचं गणित मांडू. दुधाचे दात २०. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद, म्हणजे एका दाताला ६ सेकंद. दाढेला गालाकडची, जिभेकडची आणि चावायची अशा तीन बाजू, म्हणजे एका बाजूला २ सेकंद. वेळ एवढाच आहे. तो समोरच्या सहा दातांवर खर्च झाला तर मागे काही उरत नाही, आणि मुलं नेमकं तेच करतात, कारण आरशात समोरचेच दात दिसतात. चांगल्या ब्रशांमध्ये दर ३० सेकंदांनी हलका झटका किंवा सूर येतो तो यासाठीच. तोंडाचे चार भाग करायचे, एका भागात पाच दात, आणि झटका आला की पुढच्या भागाकडे वळायचं. हे मुलाला आधी ब्रश बंद ठेवून, बोटाने दात मोजत शिकवावं लागतं. नुसता झटका जाणवल्याने कुणी जागा बदलत नाही.

कॅमेऱ्याचं ॲप

या प्रकारातलं सर्वांत परिचित ॲप म्हणजे ‘पोकेमॉन स्माइल’. ते जून २०२० मध्ये आलं, मोफत आहे आणि अँड्रॉइड व आयफोन दोन्हींवर चालतं. ब्रश कोणताही चालतो, दहा-वीस रुपयांचा साधासुद्धा. फोन समोर उभा करायचा, मूल स्वतःला पडद्यावर बघतं, तोंडाचा कोणता भाग घासायचा ते पडद्यावर दिसतं आणि घासत राहिलं की पोकेमॉन पकडला जातो. तीन मुलांपर्यंत वेगवेगळी खाती ठेवता येतात, वेळ १ ते ३ मिनिटांत निवडता येते, दिवसाला तीन आठवणी लावता येतात. ब्रश पाहूनच रडारड करणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलासाठी पहिले काही आठवडे याच्याइतकं प्रभावी आणि फुकटचं दुसरं साधन नाही.

अडचण अशी की कॅमेऱ्याला हालचाल दिसते, स्पर्श दिसत नाही. ब्रश ओठांपुढे नुसता हलवला तरी खेळ पुढे सरकतो. दातांची जिभेकडची बाजू कॅमेऱ्याला कधीच दिसत नाही, आणि खालच्या दाढांवर जंतूंचा चिकट थर सर्वांत जास्त तिथेच साचतो. म्हणून ॲप चालू असताना शेजारी उभं राहून ‘आता आतून’ असं सांगणारं माणूस लागतंच.

फोन कसा ठेवायचा यावर बरंच अवलंबून आहे. बहुतेक जण फोन आरशाच्या वरच्या फळीवर टेकवतात. मग मूल मान वर करून बघतं, फेस घशाकडे जातो आणि पेस्ट गिळली जाते. फोन मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवा, म्हणजे हनुवटी खाली राहते आणि फेस बेसिनमध्ये पडतो. टाइलला चिकटणारा व्हॅक्यूमचा स्टँड लागतो. टाइल कोरड्या कापडाने पुसून मगच तो दाबायचा, नाहीतर पावसाळ्यात रात्रीतून निसटतो. दिवा मुलाच्या पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो आणि ॲप ‘चेहरा सापडत नाही’ म्हणून अडतं. दिवा समोर, आरशाच्या वर हवा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत मोरीतला एकच बल्ब दाराच्या वर असतो. तिथे हे ॲप मोरीत चालवण्यापेक्षा खोलीत, खुर्चीवर बसवून, हातात वाटी देऊन चालवलं तर जास्त नीट चालतं. ब्रश बेसिनपाशीच करायला हवा असा काही नियम नाही.

दुसरी अडचण खेळ संपल्यावरची. फोन हातात आला की मूल तो सोडत नाही, आणि झोपायच्या वेळी तेच नको असतं. यावर उपाय फोनमध्येच आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या सुरक्षेच्या भागात ॲप पिन करायची सोय असते. ती सुरू करताना बाहेर पडण्याआधी पिन विचारण्याचा पर्यायही निवडला की पिन टाकल्याशिवाय त्या ॲपमधून बाहेर पडता येत नाही. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’ सुरू करायचा आणि बाजूचं बटण तीनदा दाबायचं. हे पहिल्याच दिवशी करा, सवय लागल्यावर केलं तर भांडण होतं. फोन कायम मोठ्यांच्या हाताने लावायचा आणि मोठ्यांच्या हातानेच काढायचा.

हे ॲप घासताना मुलाचे फोटोही काढतं. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढत असतील तर उघड्या अंगाने दात घासणाऱ्या मुलाचा फोटो कुठे जातोय, हे एकदा बघून घ्या. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. ती संमती म्हणजे आपण न वाचता दाबतो ते बटण. कॅमेऱ्याची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ एवढीच द्यावी. संपर्क यादी किंवा मायक्रोफोन मागणारं ब्रशिंगचं ॲप सरळ काढून टाकावं.

ब्लूटूथचा ब्रश

‘फिलिप्स सोनिकेअर फॉर किड्स’ हा या गटातला ठळक नमुना. त्याच्या ॲपमध्ये एक केसाळ प्राणी मुलाबरोबर दात घासतो आणि पालकांना रोजची नोंद दिसते. ब्रशला सौम्य आणि जोरकस असे दोन वेग आहेत. या मालिकेतली सर्वांत चांगली कल्पना म्हणजे हळूहळू वाढणारा वेळ: सुरुवात एका मिनिटाने होते आणि साधारण ९० दिवसांत ती दोन मिनिटांवर नेली जाते. लहान मुलाला पहिल्या दिवसापासून दोन मिनिटं उभं करणं म्हणजे रोजचं रडणं. हा टप्प्याटप्प्याचा मार्ग साध्या ब्रशनेही घेता येतो, दर आठवड्याला टायमर पाच सेकंदांनी वाढवत गेलं की झालं.

हा ब्रश घासायचा नसतो, टेकवायचा असतो. केस हिरडीच्या कडेला तिरपे, ४५ अंशांत टेकवायचे आणि दातावरून दाताकडे सावकाश सरकायचं. हात जोरात मागेपुढे केला तर कंपनाचा फायदा जातो आणि हिरडी सोलवटते. मुठीत धरला की दाब वाढतो, म्हणून तीन बोटांत धरायला शिकवा. तोंडात घालायच्या आधी बटण दाबलं तर पेस्ट आरशावर उडते. आधी ब्रश दाढेवर टेकवायचा, मग सुरू करायचा; बंद करूनच बाहेर काढायचा.

गुदगुल्या होतात म्हणून बरीच मुलं पहिल्याच दिवशी ब्रश नाकारतात आणि आई-बाबा तो कपाटात ठेवून देतात. इथे घाई नडते. पहिले दोन दिवस ब्रश बंद ठेवूनच हाताने घासायचं. मग चालू ब्रश नखावर, तळहातावर, गालावर बाहेरून लावून दाखवायचा. त्यानंतर तोंडात आधी खालच्या दाढांची बाहेरची बाजू. वरचे समोरचे दात अगदी शेवटी, कारण कंपन नाकापर्यंत जातं आणि सर्वांत जास्त गुदगुल्या तिथेच होतात. आठवड्याभरात बहुतेक मुलं रुळतात.

जोडणीच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा ब्रशमध्ये नसून फोनच्या परवानग्यांत असतं. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनांत ब्लूटूथचं उपकरण शोधायला लोकेशन चालू लागतं. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळपासची उपकरणं’ अशी वेगळी परवानगी असते. ती नाकारली गेली असेल तर ब्रश कितीही वेळा बंद-चालू केला तरी सापडत नाही. बॅटरी वाचवण्याचा मोड ॲपला मागे झोपवतो आणि नोंदी गळतात. ब्रश आईच्या फोनला जोडलेला आणि रात्री दात घासून घेणारे बाबा, अशा घरांत निम्मे दिवस कोरे दिसतात आणि मूल घासूनही ‘आज नाही’ असं ऐकतं. ज्याची रात्रीची पाळी त्याच्याच फोनला ब्रश जोडा.

भावंडांत एकच हँडल वापरायला हरकत नाही, फक्त प्रत्येकाच्या ब्रशचं डोकं, म्हणजे केसांचा बदलता भाग, वेगळं आणि ते ओळखण्यासाठी वेगळ्या रंगाची कडी हवी. नोंदी मात्र एकमेकांत मिसळतात, आणि नोंदींसाठीच जास्त पैसे मोजले असतील तर ते वाया जातात.

खरेदीचा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो. मुलांचा जोडणीचा ब्रश अनेकदा आयात केलेला असतो. बिलावर भारतातली वॉरंटी आहे का आणि बदलायची डोकी इथे नियमित मिळतात का, हे हँडलच्या आधी तपासा. डोकं दर तीन महिन्यांनी, किंवा केस फाकले की त्याआधी, बदलावं लागतं. म्हणजे वर्षाला चार, दोन मुलं असतील तर आठ. खरा खर्च तिथे आहे. आणि ॲप उद्या बंद झालं तर ब्रश एरवीसारखा चालेल का, हेही दुकानात विचारा. चालत नसेल तर घेऊ नका.

साधा विजेचा ब्रश

आमची शिफारस बहुतेक घरांसाठी हीच: ॲप नसलेला, दोन मिनिटांचा टायमर असलेला चार्जिंगचा ब्रश. ‘ओरल-बी’चा मुलांचा, छोट्या गोल डोक्याचा ब्रश हे त्याचं सर्वत्र दिसणारं उदाहरण. गोल डोकं एका वेळी एकच दात धरतं. प्रत्येक दातावर थांबायचं, हिरडीच्या कडेने वळवायचं, पुढे जायचं. हे मुलांना लवकर कळतं, कारण दात मोजता येतात. जास्त दाबलं की मोटरचा आवाज बसतो आणि डोकं अडखळतं. तो आवाज मुलाला एकदा मुद्दाम ऐकवून ‘असा आवाज आला की हात हलका कर’ असं सांगितलं की महागड्या दाब-सेन्सरचं निम्मं काम फुकटात होतं.

‘एए’ सेल घालायचे स्वस्त ब्रश चार्जिंगच्या ब्रशांपेक्षा बरेच कमी किमतीत मिळतात आणि सुरुवातीला मोह होतो. त्यांची खोट अशी की सेल उतरत जातो तशी गती हळूहळू घटते आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. दोन महिन्यांनी मूल जवळजवळ बंद ब्रश नुसता तोंडात धरून उभं असतं, हातही हलवत नाही, कारण ‘ब्रशच घासतो’ असं त्याला शिकवलेलं असतं. शिवाय अनेक सेलच्या ब्रशांना टायमरच नसतो. प्रवासासाठी ठीक, रोजच्यासाठी नाही.

विजेच्या ब्रशाचा फायदा कितपत? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशाच्या तुलनेत दातांवरचा थर सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी आढळली. हा फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. हात बसलेल्या आईच्या हातातला साधा मऊ ब्रश हा पाच वर्षांच्या मुलाच्या हातातल्या कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त स्वच्छ घासतो.

स्पीकर

घरात ‘अलेक्सा’ असेल तर वेगळं काही घ्यायला नको. ॲपमध्ये रूटीन तयार करून रात्री ठरलेल्या वेळी मुलांच्या आवडीचं गाणं लावता येतं, आणि हिंदीत किंवा इंग्रजीत दोन मिनिटांचा टायमर लावायला सांगता येतं. याचा मोठा गुण म्हणजे पडदा नाही आणि आठवण आईच्या तोंडून येत नाही, त्यामुळे ‘पाच मिनिटांत’ची घासाघीस कमी होते. वेळ झोपायच्या अर्धा तास आधीची ठेवा. झोपेने डोळे मिटायला लागलेलं मूल कोणत्याही यंत्राला दाद देत नाही. स्पीकर न्हाणीघराबाहेर, दारापाशी ठेवावा.

रंगाचं द्रावण, म्हणजे खरी परीक्षा

दातांवरचा थर दातांच्याच रंगाचा असल्यामुळे दिसत नाही. त्याला रंग चढवणाऱ्या गोळ्या आणि द्रावणं दंतवैद्य वापरतात. दंतवैद्यकीय साहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन ती मिळतात. काही द्रावणं दोन रंगांची असतात, त्यांत ताजा थर गुलाबी आणि जुना, साचलेला थर निळसर-जांभळा दिसतो. वरची सगळी यंत्रं मिळून जे सांगू शकत नाहीत, ते हे दोन थेंब एका मिनिटात सांगतात.

कृती अशी. रविवार सकाळ निवडा, शाळेचा दिवस नको, कारण ओठांवर आणि जिभेवर रंग थोडा वेळ राहतो. मुलाला जुना टी-शर्ट घाला, ओठांना व्हॅसलिन लावा, बेसिनवर लगेच पाणी सोडायची तयारी ठेवा. आधी मुलाला नेहमीप्रमाणे, नेहमीच्याच ब्रशने आणि ॲपने पूर्ण दोन मिनिटं घासू द्या. मग कापसाच्या काडीवर द्रावणाचे दोन थेंब घेऊन सगळ्या दातांवर फिरवा. गोळी असेल तर ती चघळून अर्धा मिनिट तोंडात फिरवायची. एकदाच हलकी चूळ भरायची. आता टॉर्च लावून बघा, आणि मुलालाही आरशात दाखवा.

रंग कुठे राहतो ते जवळजवळ ठरलेलं आहे: खालच्या दाढांची जिभेकडची बाजू, वरच्या शेवटच्या दाढेची गालाकडची बाजू, हिरडीची कड आणि दातांमधल्या फटी. उजव्या हाताने घासणाऱ्या मुलाचा वरचा उजवा कोपरा अनेकदा जास्त रंगलेला निघतो, कारण तिथे मनगट उलटं वळवावं लागतं. गालाकडे ब्रश जात नसेल तर तोंड मोठं उघडायला सांगू नका. अर्धंच उघडायला सांगा. तोंड पूर्ण उघडलं की गाल ताणला जाऊन दाढेला चिकटतो आणि ब्रशाला जागाच उरत नाही.

दर महिन्याला एकदा ही परीक्षा घ्यावी, आणि फोटो काढून ठेवावा. ॲपमधल्या चांदण्यांपेक्षा हे फोटो मुलांना जास्त पटतात, कारण ‘इथे राहिलंय’ हे आई म्हणत नाही, रंग म्हणतो. बक्षीस द्यायचंच असेल तर ते दिवसांच्या मोजणीवर न देता, मागच्या वेळचा रंगलेला कोपरा या वेळी स्वच्छ निघाला म्हणून द्या. तोंड आलं असेल किंवा मुलाला रंगांची ॲलर्जी असेल तेव्हा हे करू नये.

आणि ही परीक्षा आई-बाबांनीही मुलांसमोर द्यावी. मोठ्यांचा दोष सहसा उलटा असतो: ते दाबून, आडवं घासतात आणि दात हिरडीपाशी झिजवतात. दाब-सेन्सर असलेला ब्रश, जास्त दाबलं की लाल दिवा लावणारा, मुलांपेक्षा बाबांच्या जास्त उपयोगाचा आहे. ‘बाबा, लाल!’ असं ओरडायला मिळतं म्हणून मूल रोज बेसिनपाशी येत असेल, तर त्या ब्रशाचे पैसे वसूल.

सहाव्या वर्षाची दाढ

कोणतंही ॲप याबद्दल पुरेसं बजावत नाही, म्हणून इथे वेगळं लिहितो. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. आधी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे अनेक घरांत तिला दुधाची दाढ समजतात. ती कायमची असते. वर येत असताना महिनोन् महिने ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून सरळ फिरणारा ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. तिच्या खाचा खोल असतात. तिच्यासाठी ब्रश गालाच्या कोपऱ्यातून आडवा घालून एकट्या तिच्यावर पाच-सहा सेकंद फिरवायचा, आणि तोही मोठ्यांच्या हाताने. बालदंतवैद्याकडून तिच्या खाचा सीलंटने भरून घ्याव्यात. पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला आणि पिंपरीचं डी. वाय. पाटील ही दंत महाविद्यालयं आहेत. अशा महाविद्यालयांच्या बालदंत विभागांत हे काम होतं.

पेस्ट, पाणी आणि प्लग

पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर नाही. विजेच्या ब्रशाने फेस जास्त होतो, म्हणून पेस्ट केसांच्या आत दाबून घ्यावी. भारतात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला १००० पीपीएमची (दहा लाख भागांत हजार भाग) मर्यादा आहे आणि प्रमाण ट्यूबवर छापलेलं असतं. ते वाचा. मुलांच्या काही रंगीत पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसतं. कीड लागायला सुरुवात झालेल्या मुलाला कोणती पेस्ट द्यायची, हे ट्यूबवरच्या चित्रावरून ठरवू नका, दंतवैद्याला विचारा. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. फ्लोराइड दातांवर राहायला हवं. गुरुवारी पाणी बंद असलं तरी रात्रीचा ब्रश चुकवायचं कारण राहत नाही, ते असं.

रात्री लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा. घासून झाल्यावर साखर घातलेलं दूध दिलं तर सगळं पाण्यात. दूध आधी, ब्रश नंतर, मग फक्त पाणी. स्पीकरची, ॲपची, सगळी आठवण दुधानंतरची लावा.

वाघोली, उंड्रीसारख्या भागांत टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत ब्रशाच्या धातूच्या दांड्यावर पांढरे क्षार जमतात आणि डोकं अडकून बसतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात कापड बुडवावं आणि आठवड्यातून एकदा दांडा पुसावा; हँडल त्यात बुडवू नये. डोक्याच्या पोकळीत करडा-काळा बुळबुळीत थर साठतो, तो पेस्ट आणि लाळेचा. रोज डोकं काढून दोन्ही भाग वाहत्या पाण्याखाली धुवायचे आणि वेगवेगळे उभे ठेवायचे. जून ते सप्टेंबर बंद न्हाणीघरात काहीच वाळत नाही. त्या दिवसांत ब्रश बाहेरच्या खोलीत, उघड्यावर ठेवा, ओल्या डोक्यावर टोपी लावू नका.

अमेरिकेहून मावशीने आणलेला ब्रश हा पुण्यातल्या घरांतला नेहमीचा प्रकार. प्लगला ॲडॉप्टर लावला की काम झालं असं समजू नका. चार्जरच्या खालची बारीक अक्षरं वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर इथे चालेल. फक्त ११०–१३० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर चार्जर जळतो. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. त्याच जातीचा इथला चार्जर मिळाला तर घ्यावा, नाहीतर ब्रश वापरूच नये. नवा हँडल पहिल्यांदा १६ ते २४ तास चार्ज करावा लागतो, मुलाला डबा दाखवायच्या आधीच करून ठेवा. चार्जर गिझरच्या खालच्या सॉकेटवर नको, न्हाणीघराबाहेर कोरड्या जागी हवा.

घरात आजी-आजोबांपैकी कुणाला पेसमेकर असेल तर विजेचा ब्रश आणि चार्जर वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. उत्पादकांच्या पुस्तिकांतही तसंच लिहिलेलं असतं. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजीला मात्र जाड हँडलचा हाच ब्रश पातळ दांडीच्या ब्रशापेक्षा सोपा जातो. आणि घरात मिश्री लावली जात असेल, तर मुलाच्या हातातल्या ब्रशाआधी ती बंद व्हायला हवी. ती भाजलेली तंबाखू आहे, आणि मूल ॲपकडे बघून नाही, आजीकडे बघून शिकतं.

मग घ्यायचं काय

तीन वर्षांखाली काहीही विजेचं नको. मऊ केसांचा छोटा ब्रश, मुलाचं डोकं मांडीवर, आणि दात आई-बाबांनी घासायचे. तीन ते सहा: ब्रशला विरोध असेल तर कॅमेऱ्याचं मोफत ॲप दोन-तीन महिने, सवय लागली की हळूहळू काढून घ्यायचं, आधी सकाळचं, मग रात्रीचं. सहा ते दहा: टायमरचा चार्जिंगचा साधा ब्रश आणि महिन्याला रंगाची परीक्षा. ब्लूटूथचा ब्रश फक्त अशा घरांनी घ्यावा जिथे दोघेही पालक रात्री उशिरा येतात आणि मुलाचं झोपणं आजी-आजोबा किंवा मावशी बघतात. तिथे रोजची नोंद खरोखर कामाची असते, कारण दुसऱ्या दिवशी त्याबद्दल बोलता येतं. अशा घरात शनिवार-रविवारचा शेवटचा हात मात्र आई-बाबांनीच फिरवावा. दातांना तारा बसलेल्या मोठ्या मुलांनी तारांसाठीचं वेगळं डोकं घ्यावं. ते त्या हँडलसाठी मिळतं का, हे हँडल घेण्याआधी बघावं.

दुकानात जाताना मुलाला सोबत न्या, पण डब्यावरच्या चित्रासाठी नाही. हँडल त्याच्या मुठीत नीट बसतो का, बटण त्याला एका बोटाने दाबता येतं का, आणि डोकं दाढेमागे जाईल एवढं छोटं आहे का, या तीन गोष्टी त्याच्या हातानेच कळतात. बॅटरी बंद पडलेला जुना हँडल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, तो ई-कचऱ्यात वेगळा द्या.